आधी खोड सांगतो

घर असो की बैल, आधी मागून बघावं, असं आबांचं मत होतं. पुढून बघणारा भुलतो. म्हणून कुठलंही घर दाखवायला नेलं की ते मला आधी मागच्या बोळात न्यायचे. गटाराच्या कडेनं, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या गोधड्यांखालून वाकत आम्ही मागच्या भिंतीपाशी पोचायचो. मग आबा भिंतीवर तळहातानं थापटायचे, बैलाच्या पाठीवर थापटतात तसं, आणि भिंत काय म्हणते याची वाट बघत उभे राहायचे.

"पुढं समदेच रंग लावतात, पाव्हणं," ते म्हणायचे. "मागं कुणी लावत नाय."

मला ते शेवटपर्यंत पाव्हणंच म्हणाले. मी मूळ देवगाव रंगारीचा, म्हणजे मुकुंदवाडीपासून फार तर दोन तासांवरचा. पण नोकरी सिकंदराबादला, रेल्वेच्या तिकीटखिडकीत. आबांच्या हिशेबी मी परराज्यातला माणूस. पुढं आंध्राचं तेलंगण झालं तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "आता कोणत्या राज्यात गेलात?" मी म्हणालो, "आबा, मी त्याच खुर्चीत बसलोय." ते म्हणाले, "बसल्या बसल्या दोन परराज्यं झाली की तुमची."

आबा मुकुंदवाडीत घरांची दलाली करायचे. घराणं मेंढरांमागं फिरणारं. तरुणपणी कळप विकला आणि ते जनावरांच्या बाजारात दलाल झाले. तीस वर्षं बैल विकले, म्हशी विकल्या. मग शहर वाढत वाढत शेतांत शिरलं, बैल घेणारे कमी झाले, प्लॉट घेणारे वाढले. आबांनी माल बदलला. पद्धत तीच ठेवली.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय मी या माणसाचं इतकं का ऐकून घेतलं ते कळायचं नाही. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं राहा, भिंतीला खिळे ठोका, दारात कढीपत्ता लावा. रिटायर झालात की चार महिन्यांत चावी द्यायची. त्या दिवशी डोक्यावर काय, हा प्रश्न माझ्या बायकोनं मला चाळिशी उलटल्यावर विचारला आणि मग दर रविवारी विचारू लागली. देवगावला भाऊ आहे, पण वाटण्या झाल्यापासून मी तिथं दोन दिवसांचा पाहुणा. तिसऱ्या दिवशी वहिनी विचारते, "भावजी, गाडी कितीची हाय?"

तेव्हा आमचा बेत असा ठरला. वाटणीत आलेलं दीड एकर भावालाच विकून टाकायचं, त्या पैशात बँकेचं कर्ज घालून मुकुंदवाडीत घर घ्यायचं, कारण सिकंदराबादची गाडी तिथं थांबते. घर भाड्यानं द्यायचं. भाड्यात हप्ता जाईल. मी रिटायर होईन तेव्हा कर्ज फिटलेलं असेल आणि घर आमचं असेल. बेत चांगला होता. त्यात एकच कच्चा दुवा होता : भाडेकरू मिळाला नाही तर हप्ता माझ्या पगारातून जाणार होता आणि पगारातून मुलीची फी आधीच जात होती.

पहिल्या दिवशी आबांनी मला पाच घरं दाखवली आणि चौदा घरी पाणी पाजलं. त्यांची ती परीक्षाच होती. घर बघून झालं की ते शेजारच्या दारात जाऊन म्हणायचे, "माय, उन्हाचं आलोय, घोटभर पाणी दे." आमच्या भागात पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. पण नळाला आठवड्यातनं एकदा पाणी येतं, त्यामुळं कोण कशातनं देतं त्याला अर्थ असतो.

"तांब्या आला तर पाणी बरंय," आबांनी मला शिकवलं. "पेला आला तर मधलं. अर्धाच पेला आला तर टँकरवर जगतात. अन् 'जारचं देऊ का' म्हणली तर घर बघायचंच नाय, चपला घालायच्या."

पाचांपैकी दोन घरं पाण्यावर गेली. एक गुंठेवारीतलं निघालं, तिथं बँक उभी राहिली नसती. चौथं घर आबांनी मागूनच नापास केलं, पुढं येऊच दिलं नाही. त्या घराचा मालक अजून माझी वाट बघत असेल. पाचव्या घराशेजारी तांब्या आला. वर दुसरा तांब्याही विचारला.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, जिना आणि वर मोकळा स्लॅब. मला बघता क्षणी आवडलं. एका रिटायर शाळामास्तरांचं होतं, ते मुलाकडं नाशिकला निघाले होते. मी खिशात हात घातला, इसार द्यावा म्हणून. आबांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. आधी खोड सांगतो."

हे वाक्य मी पुढं शेकडो वेळा ऐकलं. बाजारात मारकं, बसकं, दावं तोडणारं जनावर असलं की चांगला दलाल ते आधी सांगतो, मग भाव बोलतो. सांगितलेली खोड गिऱ्हाईक पत्करतं, पण मागाहून कळली तर परत आणून बांधतं. म्हणून आबा घराच्या खोडी बोटांवर सांगायचे. पश्चिमेची भिंत तापते, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत हात लावू नका. हौद लहान आहे, आठव्या दिवशी तळ दिसतो. पहाटेची गाडी स्टेशनात शिरताना भोंगा देते. जिन्याखाली पावसाळ्यात ओल येते, मास्तरांनी वरून रंग फासलाय. आणि डावीकडची शेजारीण भांडखोर आहे.

हे शेवटचं त्यांनी शेजारणीच्या दारात, तिचाच तांब्या हातात धरून सांगितलं. ती म्हणाली, "आबा, आता दुसरा मागा तुम्ही." आबा मला म्हणाले, "बघितलं? खोटं सांगत नाय मी."

तरीही मी इसार दिला. महिन्यात व्यवहार झाला नाही तर इसार बुडणार होता, पण बँकेनं तोंडी हो म्हटलं होतं, मला काळजी नव्हती. मग बँकेनं घराची किंमत ठरवायला आपला माणूस पाठवला. पंचविशीचा इंजिनियर, हातात टेप, पायात पांढरे बूट. मी मुद्दाम रजा काढून आलो होतो. त्यानं पुढची खोली मोजली, मान हलवली, "छान आहे," म्हणाला. मला हायसं वाटलं. तेवढ्यात आबा पुढं झाले.

"साहेब, आधी खोड सांगतो."

मी त्यांचा सदरा ओढला. पायावर पाय दिला. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि पहिल्या बोटापासून सुरू केलं. इंजिनियर चकित होऊन लिहीत गेला. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कुणी मदत केली असावी. आबांनी त्याला जिन्याखाली नेलं, किल्लीनं रंगाचा पोपडा काढून दाखवला आणि मागचा काळा डाग समोर आणला. मग म्हणाले, "मागच्या बाजूनं बी येता का?" तो गेला. पांढऱ्या बुटांनिशी गेला.

आठ दिवसांत बँकेचं पत्र आलं. कर्ज तीन लाखांनी कमी मंजूर झालं होतं.

माझं डोकं फिरलं. तीन लाख माझ्याकडं नव्हते. इसार बुडणार, घर जाणार, आणि बायकोला मी काय सांगणार होतो? मी आबांच्या ओट्यावर गेलो आणि चारचौघांत नको ते बोललो. म्हणालो, "तुम्ही जन्मभर बैलच विकायला पाहिजे होते. माणसांच्या व्यवहारात पडायला कुणी सांगितलं तुम्हाला? वाटोळं केलंत माझं."

आबा तंबाखू मळत होते. मळून झाली, चिमूट ओठात ठेवली, तळहात झटकला.

"बैल बोलत नाय, पाव्हणं. म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं. घर बी बोलत नाय." मग उठून चपला घातल्या. "चला. मास्तरांकडं जाऊ."

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगतो. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वरून उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. आबांनी मास्तरांना त्यांच्याच दारातल्या लिंबाखाली बसवलं, त्यांचा हात हातात घेतला आणि वर आपलं उपरणं टाकलं. मास्तर चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेले गृहस्थ, पण बाप शेतकरी. हात त्यांनी आपसूक दिला. दोघंही दोन दिशांना बघत बसले. उपरण्याखाली काहीतरी हलत होतं. एकदा मास्तर म्हणाले, "मी लपवलं नाही हो. नुसता रंग दिला." आबांनी उपरण्याखाली आणखी एक बोट दाबलं. मास्तरांचे कान लाल झाले. पोरांच्या वह्या तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्याची वही आज कुणीतरी तपासत होतं.

पाच मिनिटांनी उपरणं निघालं. किंमत अडीच लाखांनी उतरली होती. उरलेलं मी खात्याच्या पतपेढीतून काढलं.

परत येताना मी विचारलं, "आबा, त्या इंजिनियरला मुद्दाम सांगितलंत का? भाव पाडायला?"

"नाय बा. मला ठावं होतं तेवढं सांगितलं."

यावर मी आजतागायत विचार करतो आहे. माझा अंदाज आहे की ते खरं बोलत होते. मी मात्र त्या दिवशी ओट्यावर जे बोललो त्याची माफी मागितली नाही. रेल्वेच्या माणसाला माफीची सवय नसते, गाडी उशिरा आली तरी आम्ही फक्त खेद व्यक्त करतो.

खरेदीखताच्या दिवशी मास्तर कुलूप-किल्ली माझ्या हातात देऊ लागले तर आबांनी ते त्यांना परत दिलं. "जनावर विकतात, दावं विकत नाय. तुमचं कुलूप आणा." मी स्टेशनजवळच्या दुकानातून कुलूप आणलं, लावलं आणि संध्याकाळच्या गाडीनं सिकंदराबादला गेलो. भाडेकरू बघायचं काम आबांचं.

दर रविवारी मी फोन करायचो.

"आबा, कुणी आलं का?"

"लई आले. सात."

"मग?"

"सात बी गेले. शहाणे होते."

पहिला हप्ता पगारातून गेला. दुसराही गेला. मुलीची फी मी एका मित्राकडून आणली, आणि बायको रविवारचा प्रश्न आता बुधवारीसुद्धा विचारू लागली. मी आबांना विनवलं, "सगळ्या खोडी कशाला सांगता? निदान शेजारणीचं तरी सांगू नका."

"ती तर पहिल्याच दिवशी दिसंल. तिला कुठं झाकू?"

"हौदाचं नका सांगू."

"आठव्या दिवशी कळंल. मग नवव्या दिवशी ते मला शिव्या देतील अन् धाव्या दिवशी घर सोडतील. तुमचा एक हप्ता वाचंल, पाव्हणं, अन् नाव दोघांचं जाईल."

तिसऱ्या महिन्यात एक जोडपं आलं. नवरा वाळूजला कंपनीत, शिफ्टच्या बसनं जाणारा. बायको घरी शिवणकाम करायची. कडेवर एक पोरगी. आबांनी पाचही बोटं मोजली. बाई म्हणाली, "एवढंच का?"

"अजून एक हाय. मालकाची खोड. मालक परराज्यात असतो, पण रिटायर झाला की इथं राहायला येणार. तवा घर सोडावं लागंल. कुरकुर चालायची नाय."

बाईनं नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चालंल."

का चालेल म्हणाली ते तिनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. आधीच्या तीन घरमालकांनी घर देताना "अगदी आपलंच समजा" असं म्हटलं होतं, आणि तिघांनीही वर्षाच्या आत बाहेर काढलं होतं. आपलंच समजू नका म्हणणारा पहिला माणूस आबा. म्हणून तिचा विश्वास बसला.

ते जोडपं तिथं तेरा वर्षं राहिलं. एकही महिना भाडं चुकलं नाही. शेजारणीशी त्यांचं पहिलं भांडण चौथ्या दिवशी झालं आणि दुसरं झालंच नाही, कारण पाचव्या दिवसापासून त्या दोघी एकाच पाट्यावर चटण्या वाटू लागल्या. आबांनी माझ्याकडून दलाली एकदाच घेतली. त्यानंतर तेरा वर्षं ते मला फोन करायचे ते फक्त खोडी कळवायला. "पाव्हणं, जिन्याखाली ओल वाढली. पाव्हणं, टाकीचं झाकण उडालं. पाव्हणं, तुमचा आवाज बसलाय, दाखवून घ्या." चांगली बातमी त्यांनी कधी कळवली नाही. बायको म्हणायची, "या माणसाचा फोन आला नाही की समजायचं, सगळं बरं आहे." मला मात्र फोन आला नाही की चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. हे मी तिला बोललो नाही.

मी जूनअखेर रिटायर झालो. क्वार्टर चार महिने ठेवता येतं, तेवढं ठेवून झालं. बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. मी ट्रंक आणि वळकटी घेऊन मुकुंदवाडीला उतरलो आणि माझ्या घरी गेलो. पुढच्या खोलीत बांधलेली खोकी होती. कडेवरची ती पोरगी आता बारावीला, एका खोक्यावर वही ठेवून गणितं करत होती. तिची आई म्हणाली, "काका, शनिवारपर्यंत सोडतो. खोली बघितलीय, शेंद्र्याकडं. आबांनी सांगितलं व्हतंच."

"हिचं कॉलेज?"

"जाईल की बसनं. दीड तास लागतो."

पोरीनं मान वर केली नाही. पण तिची पेन्सिल थांबलेली मला दिसली. कर्ज फिटलेलं होतं, घर माझं होतं, त्यांची कुरकुर नव्हती. त्यांनी जरा जरी कुरकुर केली असती तर मी हक्कानं घरात शिरलो असतो, देवाशप्पथ. मी म्हणालो, "खोकी सोडा. परीक्षा होऊ द्या," आणि ट्रंक उचलून बाहेर आलो. तेरा वर्षं ज्या दिवसासाठी हप्ते भरले त्या दिवशी मी स्वतःच्या घराबाहेर रस्त्यावर उभा होतो. बायकोला काय सांगायचं ते सुचेना.

आबांकडं गेलो. ऐंशीच्या पुढं गेले होते, काठी आली होती. खाली दोन मुलांचे संसार, वर मागच्या बाजूला एक पत्र्याची खोली. मी झालेलं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील.

"घर तुमचं होतं. मी बोली करून ठेवली होती," आबा म्हणाले. "तुम्हीच मोडली. आता माझ्याकडं कामून आलात?"

"वरची खोली द्या. मार्चपर्यंत."

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि बोटं वर धरली. मला हसू आलं.

"आधी खोड सांगतो. पत्रे हायत, दुपारी तापतात. मोरी खाली हाय. थोरली सून लई बोलती." सून आतूनच म्हणाली, "बोलती तर बोलती." आबांनी आवाज खाली आणून चौथं बोट धरलं. "अन् मालक म्हातारा हाय. छातीत दुखतंय, कुणाला सांगितलेलं नाय. हा उन्हाळा बघंल असं वाटत नाय. मालक गेला की खोली धाकट्याला लागंल. तवा सोडायची. कुरकुर नाय. हो का नाय?"

माझं हसू गेलं. मी म्हणालो, "आबा, असलं काय बोलता? डॉक्टरकडं चला आधी."

"ते मागून. हो का नाय?"

मी हो म्हणालो.

डॉक्टरकडं मी त्यांना चार वेळा नेलं. प्रत्येक वेळी त्यांनी दवाखान्याची इमारत आधी मागून बघितली. संध्याकाळी आम्ही जिन्यावर बसायचो, ते वरच्या पायरीवर, मी खालच्या. एका संध्याकाळी मी तेरा वर्षं राहून गेलेली माफी मागितली, त्या ओट्यावरच्या बोलण्याची. ते म्हणाले, "मला काय आठवत नाय." मग काठी टेकून उठता उठता, "वाटोळं म्हणाला व्हतात तुम्ही. वाटोळं."

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी आबा गेले, सकाळी, चहा पिता पिता.

तेरावा झाला आणि मी ट्रंक भरली. धाकटा मुलगा वर आला. म्हणाला, "काका, कामून भरताय? मला काय घाई नाय. ऱ्हावा की." सूनही आली, "लई बोलती म्हणून चाललात व्हय?" म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मी म्हणालो, "नाही पोरांनो. तसं ठरलं होतं." खालून माझा भाडेकरू हाका मारत होता. त्यानं पुढची खोली माझ्यासाठी रिकामी केली होती आणि स्कूटर घेऊन ट्रंक न्यायला आला होता.

मी ट्रंक डोक्यावर घेऊन जिना उतरू लागलो. पत्रे तापतात हे आबांनी सांगितलं होतं. मोरी खाली आहे, सून बोलते, मालक जाणार आहे, हे सगळं नीट बोट धरून सांगितलं होतं, आणि मी हो म्हणालो होतो. पण हा जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर साठीच्या माणसाला ट्रंक मांडीवर घेऊन तिथंच पोरासारखं रडत बसावं लागेल, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. तेवढी एक खोड त्यांनी माझ्यापासून लपवली.